अहिंसेच्या दारावरचा पहारा

मॅक्लिऑडगंजच्या मुख्य मंदिरात दलाई लामांचे प्रवचन ऐकण्यासाठी जाणाऱ्या भाविकाला बुद्धमूर्तीच्या आधी सुरक्षा जवानांचे दर्शन घडते. झडती होते, सामान तपासले जाते आणि मगच आत प्रवेश मिळतो. आत गेल्यावर कानी पडतो तो करुणेचा आणि अहिंसेचा उपदेश. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने दलाई लामांना 'झेड' श्रेणीची सुरक्षा दिली आणि तिची जबाबदारी केंद्रीय राखीव पोलीस दलाकडे सोपविली. बातमी लहानशी होती. ती वाचून कुणाला आश्चर्य वाटले नाही, की त्यात काही विसंगती जाणवली नाही. शांततेच्या नोबेल पारितोषिकाचा मानकरी बंदुकांच्या पहाऱ्यात राहतो, हे आता आपल्या अंगवळणी पडले आहे.

हा पहारा अनाठायी आहे, असे कुणीच म्हणणार नाही. फेब्रुवारी १९९७ मध्ये खुद्द धरमशाळेत, दलाई लामांच्या निवासस्थानापासून जवळच, त्यांचे निकटवर्ती आणि बौद्ध तर्कशास्त्राचे अध्यापन करणारे लोबसांग ग्यात्सो व त्यांचे दोन शिष्य यांची निर्घृण हत्या झाली होती. तेव्हा धोका खरा आहे. प्रश्न वेगळा आहे आणि तो अवघड आहे. ज्या धर्माने शस्त्र खाली ठेवले, त्याने दुसऱ्याच्या शस्त्राच्या सावलीत राहावे काय? राहिल्यास त्या सावलीचे भाडे कोण भरते? आणि भाडे घेणारा उद्या घरावरच हक्क सांगू लागला तर?

दलाई लामांनी ६ जुलै २०२५ रोजी वयाची ९० वर्षे पूर्ण केली. त्याच्या चार दिवस आधी त्यांनी आपल्यानंतरही ही परंपरा सुरू राहील आणि वारस निश्चित करण्याचा अधिकार केवळ गाडेन फोड्रांग या आपल्या न्यासाचा असेल, असे जाहीर केले. चीनने तत्काळ हा दावा फेटाळला. या वादाकडे आपल्याकडे चीनची आडमुठी भूमिका आणि दलाई लामांचा निर्धार एवढ्याच दृष्टीने पाहिले जाते. प्रत्यक्षात त्याचे मूळ अहिंसक धर्मसत्ता आणि तिला संरक्षण देणारी लष्करी सत्ता यांच्या जुन्या व्यवहारात आहे. हा व्यवहार समजून घेतल्याशिवाय उद्याचा पेच उलगडणार नाही.

गुरू आणि आश्रयदाता

तिबेटी परंपरेत या व्यवहाराला 'छो-योन' असे नाव आहे. धर्मगुरू आणि दाता यांचे नाते, असा त्याचा ढोबळ अर्थ. गुरूने उपदेश आणि आशीर्वाद द्यावेत, दात्याने संपत्ती आणि संरक्षण द्यावे, अशी ही वाटणी. दलाई लामांची राजकीय सत्ता या वाटणीतूनच जन्माला आली. १६४२ मध्ये खोशूत मंगोलांचा प्रमुख गुश्री खान याने त्सांगच्या राजाचा पराभव केला आणि जिंकलेला तिबेट पाचव्या दलाई लामांच्या चरणी वाहिला. गादी धर्मगुरूची, पण ती उभी राहिली मंगोल घोडदळाच्या बळावर.

पुढे दाता बदलला. १७१७ मध्ये झुंगार मंगोलांनी ल्हासा घेतले. त्यांना हुसकावण्यासाठी १७२० मध्ये चीनच्या चिंग सम्राटाची फौज आली. ती येताना सातव्या दलाई लामांना सोबत घेऊन आली. पण जाताना आपला वचक मागे ठेवून गेली. काही वर्षांतच सम्राटाचे प्रतिनिधी, म्हणजे अंबान, ल्हासात कायमचे बसले. या शतकाच्या अखेरीस नेपाळच्या गुरख्यांनी तिबेटवर स्वारी केली. त्यांनी १७९१ मध्ये पंचेन लामांचा ताशिल्हुंपो मठ लुटला. पुन्हा चिंग फौज धावून आली, तिने गुरख्यांना थेट नेपाळात मागे रेटले. त्यानंतर १७९३ मध्ये सम्राटाने तिबेटच्या कारभारासाठी नवी नियमावली लागू केली. यापुढे थोर लामांचे अवतार ठरविताना उमेदवार बालकांच्या नावाच्या चिठ्ठ्या सुवर्णकलशात टाकाव्यात आणि एक चिठ्ठी काढावी, असे त्यात फर्माविण्यात आले.

आज बीजिंग ज्या सुवर्णकलशाचा दाखला देते, तो हाच. चीनने २००७ मध्ये नियम काढून प्रत्येक अवताराला सरकारी मान्यता सक्तीची केली. त्याला इतिहासाचा आधार म्हणून कलशाची प्रथा पुढे केली जाते. प्रत्यक्षात ही प्रथाही सर्वकाळ पाळली गेली नाही. तेराव्या आणि विद्यमान चौदाव्या दलाई लामांच्या निवडीत तिचा अवलंब झाला नव्हता. तथापि मुद्दा तो नाही. सुवर्णकलश हे धर्मशास्त्रातून निघालेले विधान नव्हते. लष्करी मदतीनंतर दात्याने पुढे केलेले ते बिल होते. ज्या सत्तेने सीमा राखली तिने अवतारावर हक्क सांगितला. सव्वादोनशे वर्षांनंतरही ते बिल फिटलेले नाही.

मठांनी नाकारलेली फौज

मग तिबेटने स्वतःची फौज का उभारली नाही? तसा प्रयत्न झाला होता. चिंग साम्राज्य कोसळल्यानंतर तेराव्या दलाई लामांनी १९१३ पासून तिबेटचा कारभार स्वतंत्रपणे चालविला. सीमेवर दुर्बल राष्ट्राचे काय होते, हे त्यांनी दोनदा परागंदा होऊन अनुभवले होते. त्यांनी ब्रिटिशांच्या साहाय्याने सैन्याची नव्याने बांधणी सुरू केली, अधिकाऱ्यांना प्रशिक्षण दिले. परंतु सैन्याला पैसा लागतो आणि जमिनीचे मोठे उत्पन्न होते मठांकडे. ल्हासाभोवतालच्या द्रेपुंग, सेरा आणि गांदेन या महामठांनी फौजेच्या वाढीला कडाडून विरोध केला. त्या विरोधात अहिंसेचा आग्रह किती आणि नव्या करांची, नव्या विचारांची, नव्या सत्ताकेंद्राची धास्ती किती, हे तपासले तर दुसरे पारडे जड भरते. १९२५ च्या सुमारास सुधारणावादी सेनाधिकारी बाजूला सारले गेले आणि तो प्रयोग थंडावला.

तेराव्या दलाई लामांनी निधनाच्या आदल्या वर्षी, १९३२ मध्ये, आपल्या प्रजेला उद्देशून एक निवेदन लिहिले. साम्यवादाची लाट तिबेटपर्यंत येईल, मठ आणि धर्म नष्ट होतील, म्हणून सुसज्ज सैन्य ठेवा, असा स्पष्ट इशारा त्यात होता. तो कुणी मनावर घेतला नाही. ऑक्टोबर १९५० मध्ये चीनच्या सुमारे ४० हजार सैनिकांनी पूर्व तिबेटात मुसंडी मारली, तेव्हा सबंध तिबेटचे सैन्य साडेआठ हजारांच्या आसपास होते. चामदो काही दिवसांत पडले. तिबेटने संयुक्त राष्ट्रसंघाकडे दाद मागितली, पण ती सुनावणीपर्यंतही पोहोचली नाही. २३ मे १९५१ रोजी सतरा कलमी करारावर सह्या झाल्या आणि तिबेटच्या संरक्षणाचे खाते चीनकडे गेले.

आपल्याकडे या प्रसंगाचे मर्म ओळखणारे थोडे होते. त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. ऑगस्ट १९५४ मध्ये राज्यसभेत त्यांनी नेहरूंच्या पंचशील धोरणावर टीका केली, त्या वेळी तिबेट चीनच्या हाती जाऊ देण्याचे परिणाम भारताच्या सीमेवर होतील, हे त्यांनी बजावले होते. पुढे दोन वर्षांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारणारे बाबासाहेब अहिंसेचे तत्त्व मानत होते. पण अहिंसा म्हणजे असंरक्षित राहणे, असे मात्र ते मानत नव्हते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत बुद्धाने केलेला भेद मांडला आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळेपणाने पाळावयाचा नियम नव्हे, असा त्यांचा निष्कर्ष होता. नागपूरची दीक्षाभूमी आणि धरमशाळा या दोन बौद्ध जगांत अंतर पुष्कळ आहे. या एका मुद्द्यावर मात्र ती एकमेकांच्या जवळ येतात.

खांद्यावरची बंदूक

१७ मार्च १९५९ च्या रात्री २३ वर्षांचे दलाई लामा नोर्बुलिंका राजवाड्यातून बाहेर पडले, ते सामान्य सैनिकाच्या वेशात. ओळख पटू नये म्हणून त्यांच्या खांद्याला बंदूकही होती. ही हकीकत त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात सांगितली आहे. पुढचा दोन आठवड्यांचा प्रवास शक्य झाला तो 'चुशी गांगद्रुक' या सशस्त्र संघटनेमुळे. प्रामुख्याने खाम प्रांतातील लढवय्यांनी अंद्रुग गोन्पो टाशी यांच्या नेतृत्वाखाली १९५८ मध्ये ती एकत्र बांधली होती. दक्षिण तिबेटातील वाटा त्यांच्या ताब्यात होत्या. 'सीआयए'ने प्रशिक्षण देऊन उतरविलेले दोन तिबेटी बिनतारी संदेशयंत्रासह या काफिल्याला वाटेत येऊन मिळाले. ३१ मार्चला दलाई लामांनी भारताच्या हद्दीत पाऊल टाकले आणि आसाम रायफल्सच्या जवानांनी त्यांना पहाऱ्यात घेतले. २०१७ मध्ये गुवाहाटीत त्या वेळच्या जवानांपैकी एक, नरेनचंद्र दास, व्यासपीठावर आले, तेव्हा दलाई लामांनी त्यांना मिठी मारली. तिबेटची अहिंसा जगभर पोहोचली, ती एका भारतीय सैनिकाच्या संगतीने सीमा ओलांडून, याची ती कबुलीच होती.

तथापि सर्वांच्या वाट्याला अशी मिठी आली नाही. निर्वासित तिबेटींच्या एका गटाने १९६० पासून नेपाळच्या मुस्तांग भागात तळ ठोकला. एके काळी तेथे सुमारे दोन हजार लढवय्ये होते आणि तिबेटात घुसून ते चिनी ताफ्यांवर छापे घालीत. पैसा, शस्त्रे आणि प्रशिक्षण अमेरिकेचे होते. दलाई लामांचे वडीलबंधू ग्यालो थोंडुप यांचा या संपर्कात मोठा वाटा होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये कालिम्पाँग येथे त्यांचे निधन झाले. १९६० च्या दशकात तिबेटी चळवळीला 'सीआयए'कडून वर्षाला सुमारे १७ लाख डॉलर मिळत होते, हे निर्वासित प्रशासनाने १९९८ मध्ये मान्य केले. त्याच वेळी या रकमेतून खुद्द दलाई लामांना काही मिळाले नसल्याचेही प्रशासनाने सांगितले.

अमेरिकेचे चीनशी सूत जुळू लागले आणि हा ओघ आटला. १९७४ मध्ये नेपाळी सैन्याने मुस्तांगला घेरले. तेव्हा दलाई लामांनी शस्त्रे खाली ठेवण्याची विनंती ध्वनिमुद्रित करून तळावर पाठविली. ज्या आवाजासाठी आयुष्य उधळले, तोच आवाज शस्त्र टाका म्हणत होता. बहुतेकांनी आज्ञा पाळली. काहींना ना ती मोडता येत होती, ना पाळता येत होती. त्यांनी आत्महत्या केल्या. दलाई लामांचा निर्णय व्यवहारतः बरोबर होता. नेपाळी सैन्याशी लढून तिबेट मुक्त होणार नव्हता. पण अहिंसेच्या हिशेबात ज्यांची नावे लिहिली जात नाहीत, अशा माणसांच्या यादीची ती सुरुवात होती.

चक्राता ते चुशुल

ही यादी पुढे भारतात वाढली. चीनशी युद्ध सुरू असतानाच, १४ नोव्हेंबर १९६२ रोजी, तिबेटी निर्वासितांचे एक गुप्त दल उभारण्यात आले. त्याचे अधिकृत नाव स्पेशल फ्रंटियर फोर्स. पण ते ओळखले गेले 'एस्टॅब्लिशमेंट २२' किंवा नुसते 'टूटू' म्हणून. पहिले प्रमुख मेजर जनरल सुजानसिंग उबान यांनी पूर्वी २२ व्या माउंटन रेजिमेंटचे नेतृत्व केले होते, त्यावरून हे नाव पडले. डेहराडूनजवळच्या चक्राता येथे त्याचा तळ झाला. दल सैन्याच्या नव्हे, तर मंत्रिमंडळ सचिवालयाच्या अखत्यारीत ठेवण्यात आले. तिबेटात चिनी फळीच्या मागे उतरून लढणे, हा त्याचा मूळ उद्देश होता.

दैवाचा खेळ असा, की चीनशी लढण्यासाठी उभारलेले हे दल पहिली मोठी लढाई लढले ती पाकिस्तानशी. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी सुमारे तीन हजार तिबेटी सैनिक चितगावच्या डोंगराळ भागात उतरले. ५० हून अधिक जण कामी आले. दल गुप्त असल्याने त्यांच्या पराक्रमाचा जाहीर गौरव झाला नाही. तिबेटी जवानांना रोख बक्षिसांवर समाधान मानावे लागले. मृत्यू खरा, पण त्याची नोंद गुप्त, असा हा प्रकार होता.

हा पडदा क्षणभर बाजूला झाला तो २०२० मध्ये. ऑगस्टच्या २९ आणि ३० तारखांमधील रात्री पँगाँग सरोवराच्या दक्षिणेकडील, चुशुलच्या परिसरातील शिखरांवर भारतीय फौजांनी ताबा मिळविला. त्या मोहिमेत या दलाचे जवान आघाडीवर होते. जुन्या भूसुरुंगाच्या स्फोटात कंपनी लीडर न्यिमा तेन्झिन यांना वीरमरण आले. लेह येथे त्यांच्या शवपेटीवर तिरंगा आणि तिबेटचा हिमसिंहांचा ध्वज, असे दोन्ही ध्वज होते. भारतीय जनता पक्षाचे तत्कालीन सरचिटणीस राम माधव अंत्यविधीला उपस्थित राहिले. त्यांनी त्याबाबत ट्विटरवर मजकूर लिहिला आणि थोड्याच वेळात तो काढूनही टाकला. लिहिणे आणि पुसणे, या दोन कृतींत भारताचे सहा दशकांचे तिबेट धोरण सामावलेले आहे.

दांभिकता की श्रमविभागणी?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ज्या समाजाचा गुरू अहिंसा शिकवितो, त्याच समाजाचे तरुण चक्रात्याला बंदूक हाती घेतात. ही दांभिकता आहे काय?

दलाई लामांच्या बाजूने तीन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली, त्यांची अहिंसा निरपवाद शस्त्रत्यागाची नाही. एका जहाजाच्या कप्तानाने पाचशे प्रवाशांचे प्राण वाचविण्यासाठी एका दरोडेखोराला मारले आणि ते पाप स्वतःच्या शिरावर घेतले, अशी कथा महायान परंपरेत आहे. कृतीपेक्षा तिच्यामागचा हेतू निर्णायक, हा तिचा सांगावा. मुंबईवरील २६/११ च्या हल्ल्यानंतर दोनच महिन्यांनी, जानेवारी २००९ मध्ये, दिल्लीतील एका व्याख्यानात दलाई लामांनी दहशतवादाचा सामना अहिंसेने करणे कठीण आहे, असे मोकळेपणी सांगितले होते. महात्मा गांधींनीही ऑक्टोबर १९४७ मध्ये काश्मीरच्या रक्षणासाठी सैन्य पाठविण्याला विरोध केला नव्हता.

दुसरी गोष्ट अशी, की स्वतःच्या उद्दिष्टासाठी शस्त्र न उचलण्याचा नियम त्यांनी स्वकीयांना कठोरपणे लावला. मार्च २००८ मध्ये तिबेटात उद्रेक झाला, तेव्हा हिंसा हाताबाहेर गेल्यास आपण पद सोडू, असे त्यांनी बजावले. स्वातंत्र्याऐवजी स्वायत्ततेचा मध्यममार्ग त्यांनी स्वीकारला, त्याबद्दल तरुणांची नाराजी ओढवून घेतली. आणि तिसरी गोष्ट, त्यांनी संरक्षणाची गरज कधी लपविली नाही. १९८७ मध्ये सबंध तिबेट शांतताक्षेत्र करण्याची योजना त्यांनी मांडली खरी. पण १९८८ च्या स्ट्रासबर्ग प्रस्तावात, प्रादेशिक शांतता परिषद होईपर्यंत चीनने केवळ संरक्षणापुरती मर्यादित लष्करी ठाणी ठेवण्यास त्यांनी मुभा दिली होती. म्हणजे त्यांच्या स्वप्नातल्या तिबेटलाही पहारेकरी होताच.

एवढे मान्य करूनही एक टोचणी उरते. गुरूचे हात स्वच्छ राहतात, कारण दुसऱ्या कुणाचे तरी हात मळतात. या व्यवस्थेला दांभिकता म्हणण्यापेक्षा श्रमविभागणी म्हणणे न्यायाचे ठरेल. पण श्रमविभागणीत श्रमिकाला मोबदला आणि ओळख मिळावी लागते. तिबेटी सैनिकाला यांतले काय मिळाले? त्याच्या धर्माच्या गौरवगाथेत त्याला जागा नाही, कारण तो शस्त्रधारी. त्याच्या आश्रयदात्या देशाच्या गौरवगाथेत त्याला जागा नाही, कारण तो गुप्त. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही. त्यामुळे भारतात वाढलेल्या असंख्य तिबेटींचे अस्तित्व परदेशी नागरिकांच्या नोंदणी-प्रमाणपत्रावर अवलंबून आहे. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेले तिबेटी जन्माने भारतीय नागरिक ठरतात, हे मान्य करून घेण्यासाठीही न्यायालयात जावे लागले. ज्या देशाचे नागरिकत्व नाही, त्या देशाच्या सीमेवर मरण पत्करायचे आणि तेही निनावी, हा सौदा जगात फार थोड्या सैनिकांच्या नशिबी आला असेल.

हिवाळ्यात पुण्या-नागपुरात लोकरी कपड्यांची दुकाने थाटणारे तिबेटी आपल्या ओळखीचे असतात. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ त्यांची नोर्ग्येलिंग ही वसाहत आहे. त्यांच्याकडे आपण शांत, हसतमुख, निरुपद्रवी माणसे म्हणून पाहतो. याच समाजातून तीन पिढ्या सैनिक घडत आहेत, याची जाणीव स्वेटरच्या भावाची घासाघीस करताना आपल्याला नसते. कारण ती असू नये, अशीच व्यवस्था आहे.

नवा दाता, नवे बिल

१९५९ पासून छो-योन नात्यातील दात्याच्या जागी भारत आहे, ही गोष्ट दिल्ली उघडपणे बोलत नाही. वागते मात्र तशीच. दाता या नात्याने भारताने तिबेटी समाजाला जमीन, शाळा, मठ आणि सुरक्षितता दिली. हे औदार्य निर्विवाद आहे. त्याचबरोबर दात्याची सोय पाहून गुरूचा आवाज वेळोवेळी लहानमोठा करण्यात आला. २००३ मध्ये वाजपेयी यांच्या चीनभेटीत भारताने तिबेट स्वायत्त प्रदेश हा चीनचा भाग असल्याचे मान्य केले. २०१८ मध्ये निर्वासित तिबेटी भारताचे आभार मानण्याचा सोहळा दिल्लीत करणार होते. तेव्हा नेत्यांनी व अधिकाऱ्यांनी त्यापासून दूर राहावे, अशा सूचना निघाल्या आणि आभाराचा तो सोहळा धरमशाळेला हलवावा लागला. दोनच वर्षांनी लडाखमध्ये गरज पडली, तेव्हा तिबेटी सैनिकाची आठवण झाली.

जुलै २०२५ मध्ये वारसाचा वाद पेटला, तेव्हाही हेच दिसले. केंद्रीय मंत्री किरेन रिजिजू यांनी दलाई लामांच्या अधिकाराला पाठिंबा देणारे विधान केले. पाठोपाठ परराष्ट्र मंत्रालयाने खुलासा केला, की श्रद्धेच्या बाबतीत सरकार कोणतीही भूमिका घेत नाही. मुत्सद्देगिरी म्हणून हा खुलासा ठीक आहे. परंतु ही अलिप्तता फार काळ टिकणारी नाही.

याचे कारण दलाई लामांनी मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातच दिले आहे. आपला पुढचा अवतार चीनबाहेर, मुक्त जगात जन्म घेईल, असे त्यांनी त्यात म्हटले आहे. ते बालक भारतात सापडण्याची शक्यता दुर्लक्षिता येत नाही. सहाव्या दलाई लामांचा जन्म तवांग परिसरातला, आणि तवांगवर चीनचा दावा आहे. असे बालक मिळाले तर त्याला पहिल्या दिवसापासून लष्करी दर्जाचे संरक्षण द्यावे लागेल. न दिल्यास काय होते, हेही जगाने पाहिले आहे. १४ मे १९९५ रोजी दलाई लामांनी गेधुन चोक्यी न्यिमा या सहा वर्षांच्या मुलाला पंचेन लामा म्हणून मान्यता दिली. तीनच दिवसांत तो मुलगा कुटुंबासह ताब्यात घेतला गेला, तो आजवर लोकांसमोर आलेला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चीनने सुवर्णकलशातून चिठ्ठी काढून गादीसाठी दुसऱ्या मुलाची निवड केली. संरक्षण नसलेल्या अवताराची ती गत झाली.

म्हणजे एका बाजूला पहारा नसेल तर बालक नाहीसे होते आणि दुसऱ्या बाजूला पहारा असेल तर पहारेकरी हळूहळू मालक होतो. तिबेटी धर्मसत्तेचा साडेतीनशे वर्षांहून अधिक काळचा इतिहास या दोन टोकांमध्ये हेलकावे खात आला आहे. मंगोल, चिंग, अमेरिका, भारत असे दाते बदलले. पेच तोच राहिला. २०११ मध्ये दलाई लामांनी आपले राजकीय अधिकार लोकनियुक्त नेतृत्वाकडे सोपविले, त्यामागे ही जाणीव नसेलच असे नाही. गुरूकडे सत्ता नसली की दात्याला ती गहाण ठेवून घेता येत नाही.

भारतासमोर म्हणूनच एक दुर्मीळ संधी आहे आणि तितकाच मोठा मोह. उद्याच्या बाल-लामाला 'आपला' दलाई लामा म्हणून चीनविरुद्धचे प्यादे करण्याचा मोह दिल्लीतील काहींना होईल. तसे झाले, तर १७९३ च्या सम्राटात आणि आपल्यात फरक उरणार नाही. कलश तेवढा वेगळा असेल. संरक्षण द्यावे, पण निवडीत आणि शिकवणीत बोट घालू नये, हा संयम दाखविला, तरच बिल न पाठविणारा पहिला दाता म्हणून भारताची नोंद होईल.

त्यासाठी सुरुवात घरातून करता येईल. १९७१ मध्ये आणि २०२० मध्ये पडलेल्या तिबेटी सैनिकांची नावे उघडपणे कोरता येतील. त्यांच्या मुलाबाळांच्या नागरिकत्वाचा प्रश्न न्यायालयाच्या पायऱ्या न झिजविता सोडविता येईल. आणि धरमशाळेनेही आपल्या प्रार्थनेत त्यांना उघड स्थान द्यावे. अहिंसेला पहारेकऱ्याची गरज भासते, यात अहिंसेचा पराभव नाही. पहारेकऱ्याचे नाव घ्यायला ती संकोचते, तेव्हा मात्र तिचे बळ कमी होते. मॅक्लिऑडगंजच्या मंदिराच्या दाराशी उभा असलेला जवान आत काय प्रवचन चालले आहे, ते ऐकत असतो. त्या प्रवचनात आपणही आहोत, असे त्याला वाटले पाहिजे.